कपात कागदावर दिसत नाही



जिल्हा बैठकीत आपण कापसाचा आणि ज्वारीचा भाव बोलतो. तेथे शाळेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. दरवर्षी आपल्या गावातली काही पोरे 'ढ' ठरून शाळेबाहेर पडतात आणि निंदणाला, वेचणीला लागतात. ती सगळी ढ नसतात.

पोर बोलण्यात तरतरीत असते, तोंडी हिशेबात पक्के असते. पण पुस्तक उघडले की अक्षरे जुळत नाहीत, लिहायला बसले की गाडी अडते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. बुद्धी कमी असण्याशी किंवा आळसाशी तिचा संबंध नाही. शंभरात पाच ते पंधरा मुलांना हा त्रास असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे. पऱ्हाटीवर लाल्या दिसला म्हणून आपण वाण खोटे ठरवून पीक उपटत नाही. नत्र कमी पडले की मॅग्नेशियम, ते पाहतो. पोराच्या बाबतीत मात्र आपण आणि शाळा दोघेही उपटून मोकळे होतो.

यावर गोळी नाही, शिकवणे हाच उपाय. लहान वयात, लहान गटात, आठवड्यातून अनेक वेळा, एकेक आवाज आणि एकेक अक्षर घोटून घ्यावे लागते. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला विशेष शिक्षक लागतो. वाफसा निघून गेल्यावर पेरले तर बियाणे वाया जाते. येथेही वेळ महत्त्वाची.

सरकारला हे माहीत नाही, असे नाही. 1996 पासून महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. दिव्यांग हक्क कायदा 2016 साली झाला, 2017 पासून लागू आहे. त्याचे कलम 16 सांगते की अशी मुले लवकरात लवकर हेरा आणि त्यांना योग्य पद्धतीने शिकवा. कलम 17 सांगते की दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करा. 28 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला प्रमाण जाहीर करायला सांगितले, आणि 2022 साली केंद्राने ते ठरवले: प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक.

आता आपण आपला हिशेब मांडू. वर्षानुवर्षे हे शिक्षक कंत्राटावर राबले. 2024 साली राज्याने 4,860 पदे मंजूर केली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. एका केंद्रात साधारण दहा ते पंधरा शाळा. आठवड्याचे कामाचे दिवस सहा. एका शाळेच्या वाट्याला आठवड्यातून एक पूर्ण दिवसही येत नाही. कायद्यातले शिकवणे गावात येईपर्यंत पंधरवड्याची भेट होते, आणि पद रिकामे असेल तर तीही नाही. वर्ग बंद केल्याचा हुकूम कोणी काढत नाही. तो भरतच नाही. ही कपात अंदाजपत्रकात शोधून सापडायची नाही.

दुसऱ्या बाजूला 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला नापास करणे पुन्हा सुरू झाले. मदत द्यायची नाही आणि परीक्षा मात्र घ्यायची, हा कुठला न्याय?

शहरात गेले म्हणजे सुटका, असेही समजू नका. कोरडवाहूत भागेना म्हणून आपल्याकडची कितीतरी घरे पालघर जिल्ह्यात वसई-विरार, नालासोपाऱ्याला जाऊन राहिली. तेथे 2009 साली महापालिका झाली, तरी गरिबांच्या शाळा पुढे वर्षानुवर्षे जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होते. विरारहून लोकल बदलत तेथे जाता येते. पण ती एका खेपेत उरकत नाही. प्रत्येक खेपेला बापाचा रोज बुडतो. आणि दाखला हाती आला तरी शिकवणारा कुठे आहे? त्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पोराला तर ती लोकलही नाही. मग यवतमाळच्या, बीडच्या पोराचे काय, ते सांगायला नको.

म्हणून या बैठकीतून उठताना चार कामे ठरवू या. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा: तालुक्यात विशेष शिक्षकांची पदे किती, भरली किती, कोणता शिक्षक कोणत्या वारी कोणत्या शाळेत असतो? कलम 17 ची पाहणी आपल्या गावात झाली का, तिची यादी मागा. तपासणी मराठीतून आणि तालुक्याच्या गावी व्हावी, असा ठराव ग्रामसभेत करा. आणि चौथे काम घरचे: पोराला ढ म्हणणे आजपासून बंद करा.

पहिली तिन्ही उत्तरे पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. उत्तर आले नाही, तर तेही लिहून आणा. पुढचे पाऊल त्यावरच ठरेल.