पाहण्याजोगा चित्रपट : ‘द इन्फिल्ट्रेटर’

ब्रॅड फरमन दिग्दर्शित ‘द इन्फिल्ट्रेटर’ (२०१६) हा इंग्रजी चित्रपट व्यापारी कुटुंबांनी आवर्जून पाहावा असा आहे. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागातील अधिकारी रॉबर्ट मेझर यांच्या आत्मकथनावर तो आधारलेला असून मेझर यांची भूमिका ब्रायन क्रॅन्स्टन यांनी केली आहे.

कोलंबियातील कोकेनचा माल पकडण्यापेक्षा त्याच्या पैशाचा माग काढावा, असे मेझर ठरवतात. बॉब मुसेला नावाच्या धनिकाचे सोंग घेऊन ते पाब्लो एस्कोबारच्या हस्तकांची रोकड ‘पांढरी’ करून देऊ लागतात. ही रोकड दोन-चार देशांतील खात्यांतून फिरली की तिचा मूळ धनी दिसेनासा होतो. त्यासाठी मदतीला येतात ते बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनलचे सुशिक्षित, अदबशीर अधिकारी. बँकेतील प्रसंग मात्र दिग्दर्शकाने फार घाईने उरकले आहेत.

सोंगाची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते. लग्नाच्या वाढदिवशी पत्नीसह जेवत असताना टोळीतील एकजण मेझर यांना ओळखतो. वेटर शुभेच्छांचा केक आणतो, तेव्हा बिंग फुटू नये म्हणून मेझर त्याचे तोंड त्याच केकमध्ये दाबतात. समोर बसलेल्या पत्नीला आपला नवरा अनोळखी वाटू लागतो.

त्याहून अस्वस्थ करणारी आहे ती रॉबर्टो अल्केनोशी जडलेली मैत्री. ‘जवाहिऱ्या’ म्हणून ओळखला जाणारा हा तस्कर मेझर आणि त्यांच्या बनावट वाग्दत्त वधूला आपल्या घरी जेवू घालतो, घरोबा करतो. पुढे खोट्या विवाहसोहळ्याचे आमंत्रण देऊन साऱ्यांना जाळ्यात ओढले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच. पण खाल्ल्या मिठाचे काय, हा प्रश्न मेझर यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

ऑक्टोबर १९८८ मध्ये फ्लोरिडातील टँपा शहरी अशा लग्नाच्या निमित्ताने खरोखरच अटका झाल्या. जुलै १९९१ मध्ये अनेक देशांच्या नियंत्रकांनी ही बँकच बंद केली. तिची एक शाखा मुंबईतही होती. ती पुढे स्टेट बँकेच्या उपकंपनीकडे गेली.

काही दृश्ये रक्तरंजित असल्याने लहान मुलांसमवेत चित्रपट पाहू नये. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुला-मुलींना मात्र अवश्य दाखवावा.