हातचा बोल्ट की उद्याचा आर्चर? एका सौद्याचा ताळेबंद

१/
नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीने आपला डावखुरा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्ट अदलाबदलीच्या मुदतीत मुंबईला देऊन टाकला. वर्षभराने, १० नोव्हेंबर २०२० रोजी, दुबईत आयपीएलचा अंतिम सामना याच दोन संघांत रंगला. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर बोल्टने दिल्लीचा सलामीवीर मार्कस स्टॉइनिस याला बाद केले आणि ३० धावांत ३ बळी घेऊन सामनावीराचा मान मिळवला. त्या हंगामात त्याचे एकूण बळी २५. मुरलेला गोलंदाज सोडण्याची किंमत इतक्या लवकर क्वचितच कोणाला मोजावी लागते.

२/
या व्यवहारात लाभ झालेल्या मुंबईनेच पुढे दिल्लीचा कित्ता गिरवला. २०२२ च्या महालिलावापूर्वी संघाने रोहित शर्मा, जसप्रीत बुमराह, सूर्यकुमार यादव आणि कायरन पोलार्ड या चौघांना राखले. बोल्टला मोकळे केले. १२ व १३ फेब्रुवारीला बंगळुरूत लिलाव झाला. राजस्थानने बोल्टला ८ कोटींना घेतले. मुंबईने राजस्थानचा जुना शिलेदार जोफ्रा आर्चर याला घेतले, तेही ८ कोटींनाच. कागदोपत्री ही अदलाबदल नव्हती. परिणामाने मात्र ती तशीच ठरली.

३/
बोल्ट तेव्हा ३२ वर्षांचा, धडधाकट आणि सिद्ध. आर्चर २६ वर्षांचा. २०२० च्या हंगामात २० बळी घेऊन तो स्पर्धेतील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला होता. परंतु त्याचे कोपर दुखावलेले होते आणि २०२२ च्या हंगामात तो खेळणार नाही, हे लिलावाआधीच ठाऊक होते. चौघांना राखल्यावर मुंबईच्या गाठीशी ४८ कोटी उरले होते. त्यांतला सहावा हिस्सा तिने पुढच्या वर्षाच्या आशेवर लावला.

४/
हा जुगार मूर्खपणाचा होता काय? दुखावलेल्या गोलंदाजाला भवितव्य असते, हा विश्वास जगाला बेसबॉलने दिला. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या चेंडूफेक्याच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातील स्नायुबंध बसवला. १९७६ मध्ये जॉन मैदानात परतला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले. तोवर निकामी झालेला हात म्हणजे संपलेली कारकीर्द, असा हिशेब होता. त्यानंतर दुखापतीला ‘मुदत’ आली, आणि ज्याला मुदत आहे त्याचा भाव ठरवता येतो.

५/
तरुणाला कमी लेखण्याचा धडाही त्याच खेळात आहे. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइटने ३६ वर्षांच्या डॉयल अलेक्झांडरसाठी २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडरने त्या मोसमात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही; डेट्रॉइटने आपला गटही जिंकला. पण स्मोल्ट्झने पुढे दोन दशके गाजवली आणि २०१५ मध्ये त्याला खेळाच्या कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. तेव्हा मुंबईच्या कारभाऱ्यांना इतिहासाचा आधार नव्हता, असे म्हणता येणार नाही. बुमराह आणि आर्चर एकाच बाजूने गोलंदाजी करत आहेत, हे चित्र कोणालाही मोहात पाडणारेच होते.

६/
प्रत्यक्षात ते चित्र कधीच उमटले नाही. २०२२ मध्ये आर्चर नव्हता. मुंबई पहिले आठही सामने हरली आणि गुणतक्त्यात तळाला राहिली. राजस्थान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. बोल्टचे बळी १६. २०२३ मध्ये आर्चर आला, तर पाठीच्या दुखण्याने बुमराह संपूर्ण हंगामाला मुकला. आर्चरनेही ५ सामन्यांत २ बळी घेतले आणि हंगाम अर्ध्यावर सोडून तो मायदेशी परतला. त्याच वर्षअखेरीस मुंबईने त्याला मोकळे केले. ज्या जोडीसाठी हा सारा खटाटोप झाला, ती मुंबईसाठी एका सामन्यातही एकत्र उतरली नाही.

७/
निकाल पाहून शहाणपण शिकवणे सोपे असते. म्हणून लिलावाच्या दिवशी जे ठाऊक होते, त्यावरच न्याय व्हावा. त्या कसोटीवरही दोन दोष उरतात. पहिला मुदतीचा. अमेरिकेत तरुण चेंडूफेक्यावर संघाचा हक्क वरिष्ठ पातळीवरील साधारण सहा वर्षांच्या सेवेपर्यंत राहतो; दुखापतीत एक वर्ष गेले तरी पाच उरतात. आयपीएलच्या महालिलावाचे चक्र मात्र तीन वर्षांचे. त्यांतले पहिले वर्ष गेलेच, हे माहीत असताना मुंबईने पूर्ण दराने दोनच वर्षे विकत घेतली. एका देशात शहाणपणाचा ठरणारा सौदा नियम बदलताच महागात पडतो, तो असा.

८/
दुसरा दोष मधल्या काळाचा. कर्जत-खालापूरच्या वाचकाला तो चटकन कळेल. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. ३७ फुटांना १ फूट अशा त्या चढणीसाठी आजही अनेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात आणि लोणावळ्याला सोडतात. पुढचे इंजिन कितीही नवे असो, घाटात मागून रेटा लागतोच. २०२२ हा मुंबईचा घाट होता. डॅनियल सॅम्स, टायमल मिल्स, रायली मेरेडिथ असे परदेशी वेगवान गोलंदाज गोळा केले गेले; पण नव्या चेंडूवर पहिल्या षटकापासून धाक बसवणारा बोल्ट त्यांत नव्हता. बँकर कर्जतलाच सोडून गाडी चढावर घातली गेली.

९/
याच संघाने पूर्वी हे अचूक साधले होते, हे विशेष. २०१३ मध्ये १९ वर्षांचा बुमराह संघात आला, तेव्हा लसिथ मलिंगा तेथे होता. २०१८ च्या लिलावात मलिंगाला कोणी घेतले नाही, तर मुंबईने त्याला गोलंदाजांचा मार्गदर्शक नेमले आणि पुढच्या लिलावात २ कोटींच्या पायाभूत किमतीला खेळाडू म्हणून परत आणले. १२ मे २०१९ रोजी हैदराबादेत अखेरच्या चेंडूवर शार्दुल ठाकूरला पायचीत करून एका धावेने विजेतेपद मिळवून देणारा तो मलिंगाच. बुजुर्ग आणि तरुण यांपैकी एकाची निवड करावीच लागते, हा समज तेथेच खोटा ठरला होता.

१०/
नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दा येथील लिलावाने वर्तुळ पुरे केले. बोल्ट पुन्हा मुंबईकडे, आर्चर पुन्हा राजस्थानकडे. दोघांची किंमत पुन्हा सारखीच, १२ कोटी ५० लाख. ३५ वर्षांच्या बोल्टने २०२५ मध्ये २२ बळी घेतले. आर्चरने पहिल्याच सामन्यात ४ षटकांत ७६ धावा मोजल्या. पण त्याच वर्षी जुलैत, चार वर्षांच्या खंडानंतर, तो लॉर्ड्सवर कसोटी खेळला आणि पहिल्याच षटकात यशस्वी जैस्वालला बाद केले. मुंबईने आर्चरची प्रतिभा ओळखण्यात चूक केली नव्हती. चूक झाली ती कोपर भरून यायला लागणाऱ्या काळाच्या हिशेबात.

११/
अशा प्रत्येक सौद्याला तीन प्रश्न विचारावेत. दुखणे बरे होईपर्यंत तो खेळाडू आपलाच राहील काय? तोवर चढणीला रेटा कोण देईल? आणि त्याला घाईने मैदानात न उतरवण्याचा धीर आपल्यात आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण पहिल्या दोहोंत संघाचा पैसा बुडतो. तिसऱ्यात एका तरुणाचा हात. खोपोली-कर्जतच्या मैदानांवर दुखऱ्या खांद्याने ‘आणखी एक षटक’ टाकणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हाच प्रश्न उरतो, आणि त्याच्यासाठी तर दुसरा लिलावही नसतो.