अंजूरफाट्यापलीकडचं फॉरेन

मैत्रिणींनो, लग्नाची यादी करायला बसलं की हल्ली आहेर, केळवण, मांडव यांच्या खाली एक नवा रकाना काढावा लागतो, लग्नाआधीच्या फोटोंचा! दिवाळीनंतर आम्ही वन्संकडे मानकोलीला यादीला बसलो, तर भाचीने मोबाइलवर पणजीच्या फाँटेन्हासमधली रंगीत घरं पुढे केली. "मामी, अगदी फॉरेन वाटतं ना? दोन दिवस जाऊन येऊ."

हौस खोटी नव्हती. मानकोली नाक्याच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे गोदामांचे पत्रे आणि कंटेनरच्या रांगा. तिथे वाढलेल्या मुलीला एखाद्या कोरीव कमानीपुढे नटून उभं राहावंसं वाटलं, तर तिचं काय चुकलं? पण गाडी, हॉटेल, फोटोवाला, चार पोशाख असं करता करता आकडा लाखावर गेला आणि वन्संचे यजमान एकदम गप्प झाले. पतपेढीचा अर्ज त्यांनी मनातल्या मनात भरायलाही घेतला असावा. वन्सं उठून चहाला गेल्या.

मी म्हटलं, "फॉरेनच हवं ना? मग अंजूरफाट्याला गाडीत बस आणि वसईला उतर."

मंडळी हसली. वसईचा किल्ला म्हणजे पडका तट, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढच्या दोनशे वर्षांत तटाच्या आत त्यांनी अख्खं शहर वसवलं. रस्ते, चौक, मठ, इस्पितळ आणि एकाहून एक देखणी चर्च! आज बहुतेकांना छप्पर नाही, पण उंच कमानी, दगडी खांब, सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आणि भिंतींतून वाढलेली झाडं पाहिली, की मुंबईच्या इतक्या जवळ आहोत हे खरंच वाटत नाही.

आणि या फॉरेनचा एक धागा थेट मानकोलीच्या शेजारी येतो बरं का! शेजारचं अंजूर हे गंगाजी नाईकांचं गाव. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून साष्टी सोडवण्यासाठी पेशव्यांकडे ज्यांनी खेटे घातले ते हे अंजूरकर नाईक. साष्टीच्या बखरीत त्यांची हकिकत आहे. 1737 मध्ये ठाण्यापासून मोहीम सुरू झाली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मग देवळादेवळांत गेल्या. भीमाशंकरला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला त्या आजही आहेत. भीमाशंकरची घंटा मी दोनदा पाहिली आहे, पण ती आली कुठून हे काही तेव्हा विचारलं नाही.

पहिल्या खेपेला आमची फजिती झाली, आणि ती सर्वस्वी आमच्याच चुकीने. फोटोवाला तीनपायी स्टँड, दिवे, छत्र्या घेऊन आला. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. घरगुती फोटोंना हरकत नसते, पण असा सरंजाम नेताना आधी परवानगी लागते. रखवालदाराने नम्रपणे परत पाठवलं. भाचीला तर रडूच फुटलं. पुढच्या रविवारी आम्ही घरचीच माणसं गेलो, दिराच्या मुलाचा मोबाइल घेऊन. फोटो उत्तम आले!

तुम्हाला जायचं असेल तर थंडीत जा. पावसात दगडावर शेवाळ येतं. अंजूरफाट्याजवळ भिवंडी रोड स्टेशन आहे. दिवा-वसई गाड्या मोजक्याच, म्हणून वेळ आधी पाहून ठेवा, परतीचीसुद्धा. वसई रोडहून पुढे बस किंवा रिक्षा. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा चारनंतर, फोटो काढा. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि नवरी आजारी दिसते. काळ्या-करड्या दगडापुढे हळदी, राणी, तांबडा हे रंग उठून दिसतात. हिरवी साडी मात्र झाडोऱ्यात हरवते. चपला बंद घाला, गवतात काटे असतात. साडी नेसून अरुंद गोल जिना चढायच्या फंदात पडू नका. स्टेशनवरच मोकळ्या होऊन निघा, आत सोय असेल याचा भरवसा नको. रंगीत धूर, गुलाल आणि भिंतीवर नावं कोरणं हे तर मुळीच नको.

आणखी एक. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर गेले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं. किल्ल्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये आजही त्यांचा सण होतो. तिथे पोझ देत बसू नये. देवळाच्या गाभाऱ्यात आपण बसू का?

तिथून आम्ही किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात शिरलो. एका घराचा दरवाजा भाचीला फार आवडला. ती त्यापुढे उभी राहिली तोच आतून बाई आल्या. "फोटो काढ गो बाय, पण आधी हाक तरी मारायची! घर हाय आमचं." भाची लाजून चूर. मग त्यांनीच आम्हाला पाणी दिलं, लग्नाची तारीख विचारली आणि भाचीचा पदर सारखा करून स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. फाँटेन्हासमध्येही लोकांनी फोटोवाल्यांच्या गर्दीला वैतागून पाट्या लावल्या आहेत म्हणतात. वैतागतील नाही तर काय!

घरी आल्यावर खर्च मांडला. प्रवास, खाणं, फुलांच्या वेण्या, सगळं मिळून दोन हजारांत आटोपलं होतं. वन्संच्या यजमानांनी कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी लेकीच्या हातात पाटल्यांचे पैसे ठेवले. सगळ्या फोटोंतून भाचीने मोठा करून घेतला तो त्या कोळणीबाईंबरोबरचा. त्याची एक प्रत किल्लाबंदरला पोचवायची आहे.

येताना सुकेळी मिळाली तर जरूर आणा. वसईच्या राजेळी केळ्यांची उन्हात वाळवलेली सुकेळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की टिकतात. केळवणाच्या पानात एक-एक वाढा, पाहुणे विचारतात कुठून आणली म्हणून.