पाववाल्याची सायकल आणि टप्प्यांची शर्यत

आमच्या मालवणकडे सायकल शर्यतीचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात, आणि मला दोघांचेही पटत नाही.

पहिले मोहल्ल्यातले. "सायकलीर बसान काय गावतला? त्यापेक्षा पासपोर्ट काढ." पोराला हप्त्यावर बुलेट घेऊन देणारा बाप, त्याच पोराने तीस हजारांची सायकल मागितली की कपाळाला आठ्या घालतो. सायकल म्हणजे गरिबी, हे डोक्यात इतके पक्के बसले आहे की ती खेळाची वस्तू असू शकते हे ऐकूनच हसू येते.

दुसरे शहरातले हौशी. त्यांना आमचे सडे हवेत, कातळ हवेत, पाणंदी हव्यात. फक्त आम्ही वळणावर उभे राहून केळी आणि पाणी द्यायचे. याला ते 'स्थानिकांचा सहभाग' म्हणतात.

अनेक दिवसांच्या माउंटन बाइक शर्यतीत रोज एक टप्पा असतो आणि रोजच्या वेळेची बेरीज होते. बेरीज सर्वांत कमी तो विजेता. एकही टप्पा न जिंकता माणूस शर्यत जिंकू शकतो. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक २००४ पासून भरते. तिथे जोडीने धावायचे असते, आणि जोडीदारांत दोन मिनिटांहून जास्त अंतर पडले तर दंड. आपल्याकडे हिमाचलात एमटीबी हिमालय २००५ साली सुरू झाली. या सगळ्या शर्यतींत पहिल्या दिवशीच्या वेगापेक्षा तिसऱ्या सकाळी पुन्हा सीटवर बसता येणे महत्त्वाचे.

मग सांगा, रोज सकाळी उठून तेच ओझे, तोच चढ, अंग दुखत असताना पुन्हा निघणे, हे कोणाच्या अंगवळणी पडलेले असते?

मी सह्याद्रीत अशी तीन दिवसांची शर्यत केली आहे, जुनी सायकल घेऊन. दुसऱ्या सकाळी हाताची बोटे ब्रेकवर वळत नव्हती. पण अब्बांच्या बेकरीचे पाव मी सहा वर्षे सायकलवरून वाड्यावाड्यांत पोचवले होते, तेही पावसाळ्यात. जांभ्याच्या सुट्या खड्यांवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, शेवाळलेल्या कातळावर चाक वळवायचे नाही, हे मला कोणत्याही प्रशिक्षकाने शिकवलेले नाही. लाखालाखाच्या सायकली त्या उतारावर आडव्या झाल्या तेव्हा मी त्यांच्या बाजूने हळूच खाली उतरलो.

पुढच्या वर्षी आमच्या बेकरीतल्या पोरालाही न्यायचे ठरवले. प्रवेश फी त्याच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. काही सवलत मिळेल का, असे विचारले. उत्तर आले, स्वयंसेवक म्हणून पाठवा, टी-शर्ट मिळेल.

नमाजचे कसे, असेही काही जण विचारतात. टप्पा फजरनंतर सुरू होतो आणि बहुतेक वेळा जोहरच्या वेळेत संपतो. प्रवासात असाल तर कसरची सवलत आहेच. जिथे अडचण नाही तिथे ती उभी करू नका.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, रस्त्यावरची. सरकारने मनावर घेतले की काय होऊ शकते ते तिथे दिसले. जिंकला न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे. त्याचे कौतुकच आहे. पण आपली मुले लहानपणापासून सलग चार दिवस शर्यतीत धावलीच नाहीत, तर ती पुढे येणार कुठून?

सिंधुदुर्गात अशी शर्यत सहज होऊ शकते. पाऊस संपल्यावर, डिसेंबरात. पहिला दिवस मालवण ते आचरा, खाडी आणि सडा. दुसरा मसुऱ्यावरून आत, धामापूर तलावाकडे. तिसरा सावंतवाडीहून आंबोलीचा घाट, जवळपास सातशे मीटर उंचीपर्यंत.

मात्र ती भरवणाऱ्यांनी तालुक्यातल्या मुलांकडून फी घेऊ नये. हेल्मेट त्यांनीच द्यावे. बिनगिअरच्या साध्या सायकलींचा गट वेगळा ठेवावा, त्याची वेळ वेगळी मोजावी, बक्षीस मात्र तेवढेच द्यावे. त्या गटात मुलींची नावे आधी लिहून घ्यावीत, कारण शाळेला रोज चढ चढून जाणाऱ्या त्याच आहेत. आणि मागचे कॅरिअर काढून यायची सक्ती नको. शर्यत संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच सायकलवरून पाव न्यायचे असतात.