टाळ्या कोण वाजवतं?



गेल्या पावसाळ्यात एका वस्तीत आमच्या गटाची बैठक चालू होती. विषय रेशनकार्डांचा होता. मध्येच एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला दंडाला धरून घेऊन आली. "ताई, याला काहीतरी सांगा. त्या मोबाईलपायी पार वाया गेलाय. बहिणीला मारतो." मी मुलाला विचारलं, "कसं मारतोस रे?" त्याला लाज वगैरे काही वाटली नाही. त्याने मान तिरकी करून एका गाजलेल्या सिनेमातला संवाद म्हटला आणि शेजारी उभ्या असलेल्या चार वर्षांच्या बहिणीची वेणी मनगटाभोवती गुंडाळून खेचली. ती रडली नाही. बैठकीतल्या दोन-तीन बाया हसल्या. आजी तर कौतुकाने म्हणाली, "बघा, कसा हिरो दिसतोय!"

संवाद सिनेमातला होता, तिरकी मानही तिथलीच. वेणी मनगटाला गुंडाळण्याची रीत मात्र त्या सिनेमात नव्हती. ती कुठून आली हे त्याच्या आईला माहीत होतं. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती पुन्हा मोबाईलबद्दलच बोलायला लागली.

माध्यमांतल्या हिंसेचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. बीभत्स पोस्टरांना काळं फासण्यापासून आपण सुरुवात केली, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा १९८६ साली आला, नव्वदीच्या सुरुवातीला घराघरात केबल शिरली तेव्हा पुन्हा मोर्चे निघाले. आज पडदा मुलांच्या तळहातावर आला आहे आणि गटागटांतून तीच मागणी येते आहे : बंद करा हे सगळं. या मागणीमागचा संताप मला कळतो. पण साठ वर्षांहूनही जुन्या एका संशोधनाकडे नीट पाहिलं तर आपण नेमकं काय बंद करायला हवं, याचा विचार थोडा बदलतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ साली अल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांनी विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलामुलींवर एक प्रयोग केला. (समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला फक्त बांडुरा शिकवला. दोन्ही रॉसबाई परीक्षेत कधी आल्या नाहीत.) हवा भरलेली, बुडाशी वजन असलेली, पाडली की पुन्हा उभी राहणारी 'बोबो' नावाची मोठी बाहुली होती. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने तिला लाथा मारल्या, हातोडीने बडवलं, तोंडाने शिव्यागाळीसारखं बोललं. नंतर ही मुलं बाहुलीजवळ खेळली तेव्हा त्यांनी बरंचसं तेच, त्याच शब्दांसकट केलं. ज्यांनी शांत माणूस पाहिला होता, त्यांनी ते फारसं केलं नाही. १९६३ साली हेच चित्रफितीवर दाखवलं, तरी मुलं शिकलीच. शिकायला मार लागत नाही, बक्षीसही लागत नाही, नुसतं पाहणं पुरतं, हा सामाजिक अध्ययनाचा सिद्धान्त तिथून पुढे आला.

एक बारीक गोष्ट त्या पहिल्या प्रयोगातच नोंदलेली आहे. मारणारा पुरुष असला तर मुलं त्याचं कौतुक करत होती. मारणारी बाई असली तर ती चकित होत होती, बायकांनी असं वागू नये म्हणत होती. वय तीन ते सहा वर्षं. म्हणजे प्रयोगशाळेत येण्याआधीच ती बरंच काही शिकून आलेली होती.

आपल्या कामाचा प्रयोग मात्र १९६५ चा. या वेळी चित्रफितीचे तीन शेवट होते. एकात मारणाऱ्याला खाऊ आणि शाबासकी मिळते, दुसऱ्यात त्याला रागावून चोप मिळतो, तिसऱ्यात काहीच होत नाही. चोप मिळालेला शेवट ज्यांनी पाहिला, त्यांनी बाहुलीला कमी मारलं. मुलींनी मुलग्यांपेक्षा कमी मारलं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. मग बांडुराने सगळ्यांना सांगितलं, तुम्ही जे पाहिलंत ते करून दाखवा, दाखवाल तितकं बक्षीस मिळेल. आणि तिन्ही गटांतला फरक गेला. मुलीमुलग्यांतला फरकही जवळजवळ पुसला गेला. शिकली सगळीच होती. काहींनी ते दाखवलं नव्हतं इतकंच.

हे वाचताना मला ती न रडणारी चार वर्षांची मुलगी आठवते. बालवाडीच्या ताईंनी नंतर सांगितलं, ती कोपऱ्यात एकटी खेळताना बाहुलीचे केस मनगटाला गुंडाळते आणि कोणी आलं की सोडून देते. आपण "मुली शांत असतात" म्हणतो आणि निर्धास्त होतो. ती शांत आहे कारण दाखवण्याचं बक्षीस तिला मिळत नाही, भावाला मिळतं. मारणं तीही शिकली आहे. मार खाताना गप्प कसं राहायचं, हे त्याच खोलीत तिला वेगळं शिकायला मिळालं आहे.

या संशोधनावर आक्षेप आहेत आणि ते लपवू नयेत. बोबो ही मारण्यासाठीच बनवलेली बाहुली, मुलं एका विद्यापीठाच्या बालवाडीतली, आणि बाहुलीला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली सांगितलं की आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी लहानसा संबंध दिसतो, पण खूनबाजीचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. दुसऱ्या बाजूला रोवेल ह्युसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो भागातल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांना पंधरा वर्षांनी पुन्हा गाठलं. लहानपणी टीव्हीवर खूप हिंसा पाहिलेल्या पुरुषांनी बायकोला ढकलण्या-धरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं (२००३). घरची आर्थिक स्थिती, आईवडिलांची वागणूक वगैरे हिशोबात घेऊनही संबंध उरला. ज्यांनी हिंसक पात्रांशी स्वतःला जोडून घेतलं होतं आणि ज्यांना टीव्हीवरचं खरं वाटत होतं, त्यांच्यात तो अधिक होता. म्हणजे पडदा निर्दोष नाही. पण तो एकटा काम करत नाही.

म्हणून मला वाटतं, सिनेमात किती ठोसे आहेत हे मोजत बसण्यापेक्षा शेवटी खाऊ कोणाला मिळतो हे आपण पाहावं. २०१९ च्या 'कबीर सिंग'मध्ये नायक नायिकेला थोबाडीत मारतो आणि अखेर तीच त्याला मिळते. चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र होतं आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या हिंदी चित्रपटांत तो होता. २०२३ च्या दुरुस्तीने सिनेमांना सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे लागले, हे चांगलंच झालं. पण एका खोलीच्या घरात, एकाच फोनवर, आई भाकऱ्या थापत असताना हे टप्पे कोण पाळणार? आणि आईने तरी किती पुरं पडावं? मुलाला फोन देऊन गप्प बसवणाऱ्या बाईला दोष देणं फार सोपं आहे. बाप त्या वेळी कुठे असतो, हे आपल्या बैठकांतही क्वचितच विचारलं जातं.

पडद्याबाहेरचा खाऊ त्याहून मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि काही ना काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, असं ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले. मारणाऱ्याला चोप तर नाहीच, घरात त्याचं ताट आधी वाढलं जातं. सात वर्षांचा मुलगा हा शेवट रोज पाहतो.

त्या दिवशी आम्ही रेशनकार्डांचा विषय बाजूला ठेवला. मुलाला उपदेश केला नाही. हसलेल्या बायांना विचारलं, का हसलात? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हणाली, "आमच्या पोराचंबी असंच कौतुक करतो आम्ही." आजी रागावून उठून गेली आणि पुढच्या दोन बैठकांना आली नाही. आईने तिसऱ्या बैठकीनंतर मागे थांबून वेणीबद्दल सांगितलं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करायचा की नाही, हे ती अजून ठरवते आहे. मुलगा मोबाईल अजून पाहतो. त्याची नक्कल पाहून हसायचं नाही, मुलीच्या बाजूने त्याच क्षणी बोलायचं, एवढं गटाने ठरवलं आहे. कधी जमतं, कधी हसू फुटतंच.

तुमच्या गटात असं काही घडलं असेल, जमलं असेल किंवा फसलं असेल, तर पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. विशेषतः घरातल्या पुरुषांशी हे बोलणं कोणी, कसं सुरू केलं, ते आम्हाला हवं आहे.