मासा जीएम नाही, पण त्याचं खरं नाव तरी सांगा



शेततळ्यावर मासळी न्यायला येणारी माणसं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, हा जीएम तर नाही ना? इंजेक्शनवर वाढवलेला नाही ना?" पुण्याचं गिऱ्हाईक विचारतं, शिरूरच्या बाजारात विचारतात, आता तर पाहुणेसुद्धा ताटावर बसून विचारायला लागलेत. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवतं, आणि मार बसतो आपल्या रोहू-कटल्याच्या भावाला. म्हणून आज याच्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. भारतात खाण्यासाठी एकाही जीएम माशाला परवानगी नाही. अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा, त्याच्या कलम २२ मध्ये मंजुरीशिवाय जीएम अन्न विकायला बंदी आहे. जगाच्या बाजारात खाण्यासाठी उतरलेला जीएम मासा गाजला तो एकच, अमेरिकन कंपनीचा सालमन. एका जातीच्या सालमनचा वाढीचा जीन दुसऱ्या जातीत घातला आणि तो जीन बारा महिने चालू राहावा म्हणून तिसऱ्याच एका थंड समुद्रातल्या माशाचा तुकडा जोडला. तीन वर्षांत विक्रीला येणारा मासा साधारण दीड वर्षात यायला लागला. अमेरिकेनं त्याला २०१५ मध्ये मंजुरी दिली, कॅनडानं २०१६ मध्ये. कॅनडात २०१७ साली साडेचार टन मासा विकला गेला आणि त्याच्यावर तसं लिहिणं कायद्यानं सक्तीचं नव्हतं. लोक भडकले ते मुख्यतः याच्यावरून. म्हणणं एवढंच होतं, की आम्ही काय खातोय ते आम्हाला कळू द्या. पुढं २०२४ च्या डिसेंबरात कंपनीनं मासे वाढवण्याचं काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. तो सालमन आपल्या शिरूर-दौंडच्या बाजारात यायचं काही कारणच नव्हतं.

मग आपल्याकडं ही भीती आली कुठून? माझं मत असं, की गिऱ्हाइकाला फसवणुकीचा वास बरोबर येतोय, फक्त त्याला नाव चुकीचं दिलं जातंय. आपल्या बाजारात माशाच्या नावांचा गोंधळ खरंच आहे. एकेक बघू.

मांगूर. हा मासा भराभर वाढतो, कशावरही जगतो, म्हणून लोक त्याला जीएम म्हणतात. तो जीएम नाही. तो आफ्रिकेतला मूळचा मासा, थाई मांगूर नावानं आपल्याकडं पसरला. त्याच्या पालनावर केंद्रानं २००० सालीच बंदी घातली, २०१९ मध्ये हरित लवादानं पुन्हा कडक आदेश दिले, आणि उजनीच्या काठानं त्याच्या तळ्यांवर मत्स्यव्यवसाय खात्यानं कारवाया केल्या. बंदीची कारणं वेगळीच आहेत. तो नदीत सुटला की देशी मासे खाऊन टाकतो, आणि बरेच जण त्याला कत्तलखान्याचा, कोंबडीचा सडका टाकाऊ माल घालून वाढवतात. आपला देशी मागूर वेगळा, चवीला चांगला आणि आता दुर्मिळ. पण फळीवर दोघांनाही "मांगूर" म्हणूनच हाक मारतात. गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं?

चिलापी. उजनीच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त दिसणारा मासा हाच. मूळ हाही आफ्रिकेचा, भारतात १९५२ मध्ये आणला. आता "गिफ्ट" नावाची सुधारित चिलापी आलीय, आणि त्या इंग्रजी नावातच "जेनेटिकली" हा शब्द आहे. तेवढ्यावर लोक तिला जीएम ठरवून मोकळे होतात. गिफ्टचं काम १९८८ मध्ये फिलिपाईन्समध्ये सुरू झालं, ते निव्वळ निवड पद्धतीनं. चांगले नर-मादी निवडायचे, त्यांची पिल्लं वाढवायची, त्यातले पुन्हा निवडायचे. आपण खिल्लारचा वळू निवडतो तसंच. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेनं काढलेली जयंती रोहूही अशाच निवडीतून आलीय. उसाच्या भाषेत सांगायचं तर ८६०३२ संकरातून आला, म्हणून त्याला कुणी जीएम म्हणतं का?

चिलापीत खरा विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. सगळे नरच तयार व्हावेत म्हणून पिल्लांना पहिल्या तीनेक आठवड्यांत हार्मोन मिसळलेलं खाद्य देतात. मासा विक्रीला येतो त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, तोवर त्याचा अंश राहत नाही असंच अभ्यास सांगतात. पण ही माहिती गिऱ्हाइकाला आपण कधी दिली का? आपण सांगत नाही, मग "इंजेक्शनचा मासा" अशी कंडी पिकते.

बासा. हायवेच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत बिनकाट्याचा "बासा" असतो. त्यातला बराचसा खरं म्हणजे पंगस, आणि तो आपल्याच देशात, धरणातल्या पिंजऱ्यांत नाहीतर तळ्यांत वाढलेला. पंगस खायला काही वाईट नाही. पण त्याला पंगस म्हणायला लाज का वाटावी?

आणि शेवटचा, "गावरान". आंध्रातून बर्फात भरून आलेला रोहू-कटला पुण्याच्या गणेश पेठेत रोज उतरतो. तिथून तो आपल्याच तालुक्यांतल्या आठवडे बाजारात येतो आणि फळीवर पडला की "धरणाचा ताजा" होतो. माझा मासा पहाटे तळ्यातून काढलेला, त्याचा तीन-चार दिवस बर्फात राहिलेला, आणि भाव एकच.

आता खाद्याबद्दल, कारण कृषी सहायक मंडळी इथं वाचतात आणि हा प्रश्न तेच काढतील. मासा जीएम नसला तरी खाद्य जीएम असू शकतं. आपल्याकडची सरकी जवळपास सगळी बीटीची, तिची पेंड जनावरं खातात. केंद्रानं २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोल्ट्रीसाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली होती. असं खाद्य खाल्लं म्हणून मासा किंवा कोंबडी जीएम होत नाही, हे शास्त्र झालं. पण ज्याला ते नको असेल त्याला निवडायचा हक्क आहे. त्यासाठी खाद्याच्या पोत्यावर पेंड कशाची हे आधी लिहिलेलं पाहिजे. पोत्यावरच नसेल तर मी माझ्या माशाबद्दल काय सांगणार? इथं शेतकरीही गिऱ्हाईकच आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र "नदीतला चांगला, तळ्यातला वाईट" हा. दुसरीकडं तो खरा असेलही, आपल्या भागात तो तपासून घ्यावा लागतो. मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन खाली येते आणि आपल्याच हद्दीत, रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या संगमावर भीमेला मिळते. ते पाणी पुढं दौंडवरून उजनीत जातं. शिरूर-दौंडच्या माणसाला उन्हाळ्यात त्या पाण्याचा रंग आणि वास कुणी सांगायची गरज नाही. म्हणजे नदीतला मासा या पाण्यात वाढतो. आणि अस्तर टाकलेल्या शेततळ्यातला मासा विहिरीच्या किंवा कॅनॉलच्या पाण्यात, कोंडा आणि पेंड खाऊन वाढतो. तळ्यातला मासा आपोआप चांगला असं मी म्हणत नाही. कोंबडीखत ओतून, औषधं मारून तळ्याचंही गटार करणारे आहेतच. माझं म्हणणं एवढंच, की "नदीचा की तळ्याचा" एवढ्यानं भागत नाही. कुठल्या पाण्यातला आणि काय खाऊन वाढला, हे सांगावं लागेल.

यात नवीन काही नाही. युरोपात सुट्ट्या माशासाठीसुद्धा फळीवर लिहावं लागतं. माशाचं नाव, शास्त्रीय नाव, पकडलेला की वाढवलेला, आणि कुठला. अमेरिकेत मोठ्या दुकानांत देश आणि "पकडलेला की वाढवलेला" हे २००५ पासून लिहितात. आपल्याकडं पाकीटबंद मालावर जीएम असेल तर तसं छापायचा नियम २०१३ पासून आहे, पण आठवडे बाजारातल्या फळीवरच्या माशाला कसली आलीय पाकिटावरची माहिती?

द्राक्षवाल्यांना विचारा. २००३ मध्ये युरोपात औषधांच्या अंशावरून आपली द्राक्षं अडकली. त्यानंतर अपेडानं ग्रेपनेट आणलं. प्रत्येक प्लॉटची नोंद, फवारणीची वही, अंशांची तपासणी. सुरुवातीला किती शिव्या घातल्या लोकांनी! आज तीच नोंद निर्यातदाराची ढाल झालीय. एखादी पेटी अडली तर ती कुठल्या प्लॉटची हे कळतं, सगळ्या तालुक्याची द्राक्षं बदनाम होत नाहीत.

माशाला अशी ढाल नाही, म्हणून कुणा एकाच्या मांगूरचे भोग सगळ्यांना भोगावे लागतात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी आणि कोरोनाच्या अफवेनं पोल्ट्रीवाल्यांचं काय झालं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. पक्षी उत्पादन खर्चाच्या खाली, मिळेल त्या भावात गेले. उद्या माशाची तशी अफवा उठली तर आपल्या हातात दाखवायला काय आहे?

मी गेल्या हंगामापासून क्रेटला चिठ्ठी लावतो. चारच ओळी.

१. मासा कोणता – रोहू, कटला, जे असेल ते खरं नाव.
२. कुठं वाढला – गाव, तळं, पाणी विहिरीचं की कॅनॉलचं.
३. काय खाल्लं, औषध दिलं का, दिलं असेल तर शेवटचं कधी.
४. काढला कधी – तारीख आणि वेळ.

लगेच भाव वाढला असं खोटं सांगणार नाही. एका आडत्यानं तर चिठ्ठ्या काढून टाकल्या, "इथं सगळा माल एकातच जातो, एकट्याचं कौतुक नको" म्हणाला. त्या दिवशी माझा मासा आणि बाहेरून आलेला बर्फाचा मासा एकाच लिलावात गेला. तळ्यावरून थेट नेणारी गिऱ्हाइकं मात्र आता जीएमचं विचारत नाहीत. पाण्याचं आणि खाद्याचं विचारतात. हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचं उत्तर माझ्याकडं आहे.

काही मित्र म्हणतात, "तळ्यातला असं लिहिलं की भाव पडणार, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?" पण न लिहून तरी कुठं जास्त मिळतोय? लपवण्यात फायदा त्याचाच, ज्याच्याकडं लपवण्यासारखं आहे. मांगूर मागूर म्हणून आणि शिळा ताजा म्हणून विकणाऱ्याला चिठ्ठी नकोच असणार.

राज्य सरकारनं २०२५ च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. चांगलं झालं. आता शेतीसारखीच शिस्तही यावी. माझी मागणी तीन गोष्टींची. बाजार समितीच्या लिलावात तळ्याचा, धरणाचा आणि बाहेरून आलेला मासा वेगवेगळा पुकारावा. फळीवर खरं नाव आणि कुठला ते लिहायची सक्ती व्हावी. आणि खाद्य, बीज विकणाऱ्यांनी पोत्यावर, पिशवीवर पूर्ण माहिती द्यावी, नाहीतर शेतकऱ्याची चिठ्ठी अर्धीच राहते.

सरकार करेल तेव्हा करेल. चिठ्ठीला परवाना लागत नाही, कागद-पेन पुरतो. दहा-वीस तळीवाल्यांनी मिळून एकसारखी चिठ्ठी लावली तर ती काढून टाकायला आडत्यालाही विचार करावा लागेल. शिरूर, दौंडमधल्या ज्यांची तळी आहेत त्यांनी सांगा, चिठ्ठीवर आणखी काय असावं? आणि तुमच्याकडं मासा कुठल्या नावानं विकला जातोय तेही लिहा.