झाडं मोजली, माती कोण मोजणार?

अ‍ॅमेझॉनचं जंगल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जळणारी झाडं, जग्वार, फार तर इन्स्टावरचा एखादा हॅशटॅग. मातीतल्या बॅक्टेरियांसाठी कुणी स्टेटस ठेवत नाही. पण जंगल जातं तेव्हा नेमकं काय जातं, हे तेच जास्त नीट सांगतात.

ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यात जंगल तोडून, जाळून गुरांसाठी कुरणं केली गेली. तिथल्या मातीवरचं संशोधन २०१३ मध्ये ‘पीएनएएस’ या जर्नलमध्ये आलं. त्यातली पहिलीच गोष्ट चक्रावून टाकणारी. कुरणातल्या एखाद्या जागेची माती तपासली, तर तिच्यात बॅक्टेरियांचे प्रकार जंगलापेक्षा जास्त निघाले! मग बिघडलं कुठे?

जंगलात या जागेची माती आणि थोड्या अंतरावरची माती, दोन्हींतले बॅक्टेरिया बरेच वेगळे होते. कुरणात मात्र कुठूनही माती उचला, बरेचसे तेच. फक्त जंगलातच तग धरणारे अनेक प्रकार नाहीसे झाले आणि कुठेही जमवून घेणारे पसरले. आपल्या शहरांतल्या मॉलसारखंच हे. दुकानं वाढली, पण नाशिकला जे ब्रँड तेच नागपूरला.

कारण तसं सोपं आहे. तिथल्या जंगलाची माती आम्लधर्मी. झाडं जाळली की राख मिसळून आम्लता कमी होते. नाना जातींच्या पालापाचोळ्याच्या जागी एकाच गवताची मुळं येतात. सगळीकडे मेनू एकच, तर जेवायला येणारेही तेच! याची किंमत हवेलाही मोजावी लागते. रोंडोनियात जंगलाची माती हवेतला मिथेन शोषून घेते, तिथेच कुरण झालं की माती मिथेन सोडू लागते, असं आढळलंय.

आता आपल्याकडे या. वनजमीन एखाद्या प्रकल्पाला दिली, की बदल्यात दुसरीकडे झाडं लावायचा नियम आहे. मग आकडे झळकतात : इतकी तोडली, इतकी लावली. कागदावर हिशेब जुळतो. पण नुसती संख्या किती फसवू शकते, हे रोंडोनियाच्या मातीने दाखवलंय.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी ‘एकाच्या बदल्यात दहा झाडं’ म्हणालं, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा : कुठली झाडं, कुठल्या जमिनीत? आणि जी जमीन गेली, तिच्या मातीचं काय?